संकटाच्या काळात मन प्रार्थनेत जागं कसं ठेवावं? जपाला बसलं की काळजीच सुरू होते.

तुम्ही लिहिलंय की घरात आजारपण आल्यापासून माळ हातात फिरते आणि डोक्यात औषधांची बिलं. याला प्रार्थना म्हणावं का? माझ्या मते म्हणावं. मीही यातून गेलेय.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. दोन वर्षांपूर्वी बाबा आयसीयूत होते. बाहेरच्या बाकावर मी आजीची तुळशीची माळ घेऊन बसायचे, हट्टाने रोज 11 माळा. 108 मण्यांत एकदाही मन धड नामावर नसे. दार वाजलं की पोटात गोळा. चौथ्या रात्री बसल्या बसल्या डोळा लागला आणि माळ खाली पडली. समोरच्या बाकावरच्या म्हातारीने ती उचलली, पदराने पुसली, माझ्या हातात दिली. निमाडातून आलेली, नातू आत. तीन दिवस ती समोर बसलेली होती आणि तिचं कोण आत आहे, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं! इतका जप करून मी झोपेतच होते.

तेव्हापासून एकच माळ, पहाटे चारला. कार्तिक चालू होता, देवळांत काकडआरतीचे दिवस, म्हणून तीच वेळ धरली. काळजी आली की हाकलायची नाही, त्याच मण्यावर सांगून टाकायची: रामा, क्रिएटिनिन वाढलंय. मग पुढचा मणी. मेरुमण्याशी आलं की उठायचं आणि दोघींसाठी चहा आणायचा.

आपल्या अहिल्याबाईंचं मला फार वाटतं. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती गेले, 1766 मध्ये सासरे, पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा. तरी पहाटेची पूजा चुकली नाही, आणि पूजेनंतर रयतेची गाऱ्हाणी ऐकायला बसणंही. महेश्वरच्या वाड्यात आजही मातीची इवलीशी शिवलिंगं करून पूजतात आणि नर्मदेत सोडतात.

तुम्हीही माळा कमी करा, वेळ मात्र धरून ठेवा. बिलांचा आकडा देवाला सांगायला लाजू नका. आणि माळ ठेवली की घरात रात्रभर कोण जागलंय ते आधी बघा.

अठराव्या दिवशी मध्यरात्री बाबा गेले. चारला मी बाकावर बसून माळ ओढली. त्या दिवशी चहा म्हातारीने आणला.