दहावीच्या पेपरात उत्तर येत असलेल्या प्रश्नांचेही गुण का जातात?

तुम्ही विचारलं आहे की मुलगी दहावीला आहे, घरी विचारलं तर सगळं धडाधड सांगते, पण सराव परीक्षेत गुण जातात, तर पेपरात कोणत्या चुका टाळाव्यात?

मी राज्य मंडळाच्या शाळेत बरीच वर्षं दहावीला गणित शिकवतो, उत्तरपत्रिकाही तपासतो. उत्तर येतच नव्हतं म्हणून गेलेल्या गुणांना अभ्यास हाच उपाय. पण तुमच्या मुलीसारख्या मुलांचे गुण बहुतेक वेळा प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर जातात. तिथे 'सूचना' म्हणून काही ओळी छापलेल्या असतात. मुलं त्या ओलांडून थेट प्रश्न एकला हात घालतात.

भूमितीच्या, म्हणजे गणित भाग २ च्या पेपरावर लिहिलेलं असतं की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, त्या पुसू नयेत. आमच्या एका सराव परीक्षेत वर्गातल्या सर्वांत टापटीप मुलीने समरूप त्रिकोणाची चार गुणांची रचना अगदी बरोबर केली आणि मग पान स्वच्छ दिसावं म्हणून कंपासचे सगळे कंस खोडरबराने पुसून टाकले. उरला नुसता त्रिकोण. तो रचनेने आला की पट्टीने मापून काढला, हे तपासणाऱ्याला कळणार कसं? ते गुण कापताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून रचनेच्या तासाला मी खोडरबर दप्तरातच ठेवायला लावतो. प्रमेयाचंही तसंच. सिद्धता तोंडपाठ असते, पण आकृती काढायची राहते आणि सूचनेत ती आवश्यक म्हटलेली असते.

गणितात पहिलाच प्रश्न चार गुणांचा, बहुपर्यायी. त्यात फक्त पहिल्यांदा लिहिलेलं उत्तर तपासलं जातं. 'बी' लिहून मग खोडून 'सी' केलं तर सुधारलेल्या उत्तराचा उपयोग नाही. म्हणून कच्चं काम आधी, उत्तर नंतर. उत्तरासमोर प्रश्न क्रमांक आणि पर्यायाचं अक्षर दोन्ही हवं. घाईत मुलं नुसता आकडा लिहितात. चौकटी भरायच्या कृतीत 'पूर्ण करून लिहा' असं म्हटलेलं असतं, तेव्हा नुसत्या चौकटीतल्या संख्या न लिहिता सगळी कृती उतरवून काढायची.

मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, एक जागा अशी आहे जिथे दरवर्षी कोणी ना कोणी चुकतं. ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला. त्यात पत्र किंवा सारांश असा पर्याय असतो. सारांशासाठी वेगळा उतारा छापलेला नसतो, प्रश्न १ मधल्या अपठित, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या, उताऱ्याचाच सारांश लिहायचा असतो. हेही सूचनांतच असतं. ज्यांनी वाचलेलं नसतं ती मुलं उतारा शोधत पानं उलटत बसतात, नाहीतर भलत्याच उताऱ्याचा सारांश लिहितात. आकृत्याही तिथे पेनानेच काढायच्या, पेन्सिलने नाही.

भूगोलात भारताचा किंवा ब्राझीलचा नकाशा भरून झाला की त्यातल्या खुणांची सूची करायची राहते. आणि नकाशा उत्तरपत्रिकेला जोडायचा असतो, बाकावर ठेवून यायचा नसतो.

आता वेळेबद्दल. मोठ्या भावंडांचा सल्ला इथे जुना झाला आहे. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात मिळायची, सूचना वाचायला ती पुरायची. २०२३ च्या परीक्षेपासून ती पद्धत बंद झाली आणि दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळू लागली. म्हणजे आता वाचन स्वतःच्या वेळातून करावं लागतं आणि नेमकं तेच मुलं टाळतात. माझं ठाम मत आहे की सुरुवातीची पाच मिनिटं पेन खालीच ठेवावं. गणिताच्या एका भागाला ४० गुण आणि दोन तास आहेत, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. पाच मिनिटं सहज परवडतात. उलट पाचपैकी चार सोडवायचे असताना पाचही सोडवणारी मुलं त्याहून जास्त वेळ घालवतात आणि मग चार गुणांचं उदाहरण अर्धवट राहतं.

बैठक क्रमांक अंकी आणि अक्षरी, दोन्ही हॉल तिकिटावर बघून लिहायचे, पाठ आहे म्हणून नाही. पुरवण्या घेतल्या तर त्या नीट बांधल्यात ना, हे घंटा व्हायच्या आधी बघायचं.

येत्या रविवारी तिला मागच्या वर्षीची एक प्रश्नपत्रिका द्या आणि बरोबर अकराला बसवा. झाल्यावर उत्तरं लगेच तपासू नका. आधी पहिलं पान उघडून एकेक सूचना मोठ्याने वाचा आणि ती पाळली गेली का, हे तिचं तिलाच शोधू द्या.