वीस छोट्या घरांचा आराखडा आणि पदवीचा प्रश्न

प्रिय विद्यार्थिनी,

बारावीनंतर आर्किटेक्चर घ्यावं की नावातच 'रिन्यूएबल एनर्जी' असलेली पदवी, असं तू विचारलं आहेस. स्वतःची वीज आणि पाणी स्वतः मिळवणाऱ्या छोट्या घरांच्या वसाहती तुला आखायच्या आहेत आणि वडिलांच्या मते हा छंद आहे, नोकरी नव्हे. सोबत वीस घरांचा आराखडा जोडलास, हे बरं केलंस. आधी तोच तपासू, कारण पदवीचं उत्तर बरंचसं त्यातूनच निघतं.

दर घरी दोन माणसं, छपरावर 1 किलोवॉटची सौर पॅनेल, 5 युनिटची बॅटरी आणि एक छोटी पवनचक्की. दिवसाला सरासरी साडेचार तास पूर्ण ऊन आणि 25 टक्के घट धरून तू घरटी रोज 3.4 युनिट काढलेस. गुणाकार बरोबर आहे, पण सरासरी धरून चालत नाही. वीजजाळ्याला न जोडलेली यंत्रणा वर्षातल्या सर्वात वाईट महिन्यावर बेततात. ढगाळ महिन्यात ऊन अडीच तासांवर आलं, की त्याच पॅनेलमधून 1.9 युनिटच मिळतात.

आता खर्चाची बाजू बघ. तुझ्या यादीत दिवे, पंखा, फ्रिज, लॅपटॉप, इंडक्शन शेगडी सगळं नीट आहे. गिझर मात्र 'अर्धा तास' म्हणून एका ओळीत संपवलास. एका माणसाचं 40 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला 1.4 युनिट लागतात, म्हणजे दोघांना 2.8. वाईट महिन्यात पूर्ण छपराची वीज आंघोळीलाही पुरणार नाही. पहिल्यांदा आराखडा करणारे इथेच फसतात: दिव्यांचे वॉट मोजत बसतात आणि उष्णता सुटून जाते. पाणी तापवायला उन्हाचे वेगळे बंब लाव, ते काम पॅनेलवर टाकू नकोस. मग घराची गरज 3 युनिटच्या आसपास येईल.

पवनचक्क्या काढून टाक. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश उरते, आणि छपराजवळचा वारा झाडांना, भिंतींना आपटून मंद आणि भोवऱ्यांचा झालेला असतो. शिवाय थरथर घरात उतरते. उघड्या माळावर उंच खांबावर एक मोठी चक्की ही गोष्ट निराळी.

पॅनेलही छपरांवरून उतरवून एकत्र लावावीत, असं माझं मत आहे. घराचं तोंड कुठे, झाड कुठे, यावर वीज ठरू नये. एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलच्या माळेत एकावर जरी सावली पडली तरी माळेचं उत्पादन घसरतं. घरांचे 60 आणि सामाईक कामांचे 10 धरून रोजचे 70 युनिट होतात. वाईट महिन्यासाठी त्याला सुमारे 37 किलोवॉट लागतील, म्हणजे 550 वॉटची 68 पॅनेल. त्यांचं स्वतःचं क्षेत्रफळ 180 चौरस मीटरच्या आत बसतं, पण ओळींची एकमेकींवर सावली पडू नये म्हणून जागा साधारण दुप्पट सोड. दीड दिवसाचा साठा हवा असेल तर 80 टक्के वापराच्या हिशेबाने लिथियम आयर्न फॉस्फेटच्या 130 युनिटच्या बॅटऱ्या. हे फार वाटत असेल तर पॅनेल थोडी कमी करून 10-15 किलोवॉटचा जनरेटर ठेव. 'स्वयंपूर्ण' शब्दाच्या हट्टापायी चार अंधाऱ्या आठवड्यांसाठी दुप्पट यंत्रणा उभारणं मला पटत नाही.

मध्यवर्ती यंत्रणेचा त्रास केबलमध्ये दिसतो. 150 मीटरवरच्या घराला 230 व्होल्टवर 3 किलोवॉट द्यायचे तर 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे 12 व्होल्ट, म्हणजे 5 टक्क्यांहून जास्त गळतात. 10 चौरस मिलिमीटर घेतलीस तर 7 व्होल्ट. पंपाची अडचण निराळी आहे. रोज 4,000 लिटर पाणी 30 मीटर चढवायला एखादं युनिट पुरतं, पण मोटर सुरू होताना काही क्षण पाच-सात पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर बंद पडतो. सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटर हळूहळू सुरू करणारी उपकरणं) लाव आणि पंप दुपारीच चालव.

पावसाच्या पाण्यावर सगळं भागेल, असं तू लिहितेस. 25 चौरस मीटर छपरावर वर्षाला 800 मिलिमीटर पाऊस पडला तर हाती 17,000 लिटर येतं. दोन माणसांना माणशी रोज 80 लिटरप्रमाणे वर्षाला 58,000 लागतं. विहीर किंवा बोअर हवीच. सांडपाणी तर आराखड्यात नाहीच! सेप्टिक टँकनंतर वनस्पतींच्या वाफ्याला माणशी 3 ते 5 चौरस मीटर धर. चाळीस माणसांना 120 ते 200 चौरस मीटर, आणि ही जागा घरांच्या आधी राखायची.

आता पदवी. तुझ्या आराखड्यात दोन पानं वायरिंग आणि बॅटरीची आहेत, घराच्या रूपाला एक ओळ. कल दिसतोच आहे. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग घे. पॉवर सिस्टिम्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोटेक्शन हे विषय मन लावून कर. 'रिन्यूएबल एनर्जी' हे नाव पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेव, कारण पहिल्या पदवीत तिथे थोडं थोडं सगळं शिकवतात आणि नोकरी देणारा नेमकं काय येतं ते विचारतो. घरं आणि गल्ल्या काढण्यातच जीव रमत असेल, तर मात्र आर्किटेक्चर आणि पुढे नियोजन.

वडिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. फक्त छोट्या घरांच्या वसाहतींवर पोट भरणारे थोडे. पण दुर्गम दवाखाने, बेटं, खाणींच्या छावण्या, मदत शिबिरं यांच्या मायक्रोग्रिडचं, म्हणजे छोट्या स्वतंत्र वीजजाळ्याचं, गणित हेच असतं, आणि तिथे माणसं लागतात. पहिली दोन वर्षं डिझाइनच्या खुर्चीवर बसू नकोस, साइटवर काढ. अर्थिंग मोजणं, इन्शुलेशन तपासणं, लग (तारेच्या टोकाची धातूची जोडणी) ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, आवळणं तिथेच शिकतात. सैल लग तापतो आणि आग लागते, हे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही.

एक विषय कॉलेजात बहुधा शिकवणार नाहीत: वाटप. प्रत्येक घराला मीटर, संध्याकाळच्या लोडची मर्यादा आणि बॅटरी बदलण्यासाठी पहिल्या महिन्यापासून फंड. बॅटरी दहा-पंधरा वर्षांनी संपते. तोवर अर्धी माणसं बदललेली असतात आणि नवे लोक पैसे द्यायला नाखूश असतात. जमीन कोणाच्या नावावर, छोटं घर चाकांवर ठेवलंस तर ते स्थानिक बांधकाम नियमांत बसतं का, हेही घरांच्या आधी विचारायचं.

सुट्टीत एवढं कर. प्लगमध्ये लागणारं मीटर घेऊन घरातल्या उपकरणांची दोन आठवडे नोंद ठेव, टाइमासकट. जागेनुसार ऊन आणि सौरविजेचा अंदाज देणाऱ्या पीव्हीजीआयएस या मोफत ऑनलाइन साधनावर तुझ्या जागेचा सर्वात वाईट महिना काढ आणि आराखडा नव्याने मांडून पाठव. सध्या फक्त कागदावर. खरी पॅनेल हाताळायची असतील तर जाणत्या इलेक्ट्रिशियनसोबतच. डीसीची (पॅनेलमधून येणाऱ्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) ठिणगी एसीसारखी (घरातल्या, दिशा बदलत राहणाऱ्या विजेसारखी) आपोआप विझत नाही, आणि एसीचा ब्रेकर डीसी लाइनवर लावला तर तो ती ठिणगी तोडेलच असं नाही.