वाचक विचारतात : श्रमदानाच्या रविवारची तयारी

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा आणि शेजाऱ्यांची घरं दुरुस्त करायला निघालेल्या मंडळांचे प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. बहुतेकांनी रंगाबद्दल विचारलं आहे. उत्तरं मात्र बरीचशी रंगाच्या आधीच्या आठवड्याबद्दल आहेत, कारण काम तिथेच जमतं किंवा बिघडतं.

प्रश्न : आम्ही पंचवीस जण मे महिन्यातल्या एका रविवारी जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेचे चार वर्ग रंगवणार आहोत. रंग किती आणावा? एका दिवसात होईल ना? (लोकमान्य नगर, इंदूर)

चार होणार नाहीत. दोन होतील, तेही भिंती आधीच तयार असतील तर. चार अर्धवट वर्गांपेक्षा दोन पूर्ण वर्ग मुलांच्या जास्त उपयोगाचे आहेत.

आधी मापं घ्या. वीस बाय वीस फुटांचा आणि दहा फूट उंचीचा वर्ग धरला तर चारही भिंती मिळून ८०० चौरस फूट होतात. दारं-खिडक्या वजा केल्या की साधारण ७०० उरतात. शाळेची भिंत खडबडीत असते, त्यामुळे डब्यावर लिहिलेला हिशोब तिथे लागू पडत नाही. एक लिटर प्लास्टिक इमल्शनमध्ये दोन हात मिळून ५० ते ६० चौरस फूट, एवढंच धरा. म्हणजे एका वर्गाला सुमारे १३ लिटर, दोन वर्गांना २६. वीस लिटरची एक बादली आणि दहा लिटरचा एक डबा घ्या. उरलेले चार लिटर पुढे डागडुजीला कामी येतील. प्रायमर एका हाताला लिटरमागे १०० चौरस फूट जातो, तेव्हा दोन वर्गांना १४ लिटर. छत रंगवायचं असेल तर प्रत्येक वर्गाचे ४०० चौरस फूट वेगळे मोजा आणि त्याचा रंग आधी लावा, म्हणजे त्याचे थेंब रंगवलेल्या भिंतीवर पडणार नाहीत.

खरवडणं, भेगा भरणं, पुट्टी, घासणं आणि प्रायमर हे सगळं आदल्या शनिवार-रविवारी उरकायला हवं. सुटलेला जुना रंग पत्रीने खरवडला नाही, तर नवा रंग त्या पापुद्र्यालाच चिकटतो आणि दिवाळीपर्यंत दोन्ही मिळून खाली येतात. ओल्या पुट्टीवर प्रायमर मारला तर पिवळट डाग उमटतात. श्रमदानाच्या दिवशी फक्त रंगाचे दोन हात राहिले पाहिजेत, पहिला सकाळी आणि दुसरा चार तासांनी. रंगात पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, तेवढंच मापाने घाला. “पुरवून वापरू” म्हणून पाणी वाढवलं की वाळलेला रंग हाताला लागतो. दोन डब्यांच्या छटेत थोडा फरक असू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी ते एका मोठ्या पिंपात एकत्र करून घ्या.

शाळांत खालच्या चार फुटांना गडद ऑइलपेंटचा पट्टा मारायची पद्धत आहे. तो एका दिवसात होत नाही, कारण ऑइलपेंटच्या दोन हातांमध्ये एक रात्र जावी लागते. शिवाय भिंतीत ओल असेल तर त्याला फोड येतात. त्यापेक्षा धुता येणारं इमल्शन गडद छटेत घ्या.

एका वर्गात सहापेक्षा जास्त माणसं नकोत. दोघं दोन इंची ब्रशने कडा आणि कोपरे धरतील, दोघं नऊ इंची रोलर चालवतील, एक जण रंग ढवळून देईल, एक जण शिडी धरेल आणि फरशीवरचे डाग ओले असतानाच पुसेल. जमिनीवर अंथरायला वर्तमानपत्रांपेक्षा जुने फ्लेक्सचे फलक बरे. कागद पायाला चिकटून सगळीकडे फिरतो. उरलेल्या तेरा जणांना बाकं, फळे आणि टाकीकडे लावा. शाळेची मुलं आली तर कुंड्या आणि झाडांची आळी त्यांच्याकडे द्या. शिडी, चुना आणि थिनर यांच्या आसपास एकही मूल नको.

बाहेरची भिंत असेल तर मे महिन्यातलं ऊन लक्षात घ्या. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे दिसतात. सकाळी पश्चिमेची भिंत धरा, दुपारनंतर पूर्वेची. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत काम ढकलू नका. त्या सुमारास इंदुरात पाऊस पोहोचतो आणि भिंती सुकेनाशा होतात.

खरेदीला निघण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सरकारी शाळांना शाला प्रबंधन समिती असते, तिच्या बैठकीत विषय मांडा. शाळेचा ठरलेला रंग कोणता, हेही तिथेच विचारा.

प्रश्न : गेल्या वर्षी फळा काळाभोर रंगवला, पण त्यावर खडू उमटतच नाही. (सुदामा नगर)

साधा काळा ऑइलपेंट लागलेला दिसतो. त्याच्या तकतकीवर खडू घसरतो. फळ्याचा रंग वेगळा मिळतो, तो वाळल्यावर बिनचकाकीचा आणि बारीक खरखरीत राहतो. आत्ताचा थर १२० नंबरच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे. खड्डे पुट्टीने भरा आणि त्यावर प्रायमर मारा. मग २२० नंबरच्या कागदाने हलकेच घासून फळ्याच्या रंगाचे दोन हात द्या, पहिला आडवा आणि दुसऱ्या दिवशी उभा. आठ बाय चार फुटांच्या फळ्याला एक लिटर पुरून उरतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. फळा तीन दिवस सुकू द्या. मग खडू आडवा धरून पूर्ण फळ्यावर घासा आणि कोरड्या कापडाने पुसून टाका. हे न करता लिहिलं तर पहिली अक्षरं रंगाच्या बारीक छिद्रांत बसतात आणि वर्षभर पुसट दिसत राहतात.

प्रश्न : जुनी इंदूरमधल्या एका शेजाऱ्यांच्या घराच्या भिंती खालून तीन फुटांपर्यंत ओल्या आहेत, पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) फुटतो. आमच्याकडे वॉटरप्रूफ पुट्टी आणि रंग शिल्लक आहे. तो लावू का? (रामबाग)

लावू नका. जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या बांधकामातली ओल भिंतीच्या पृष्ठभागातूनच बाहेर पडते. तो बंद केला की ओल आणखी वर चढते आणि क्षार प्लास्टरसकट सगळं ढकलून पाडतात.

आधी पाणी येतं कुठून ते शोधा. बाहेरून घराभोवती फिरा. पन्हळीचा फुटका पाइप, गळका नळ, भिंतीला लागून ठेवलेल्या कुंड्या हे नेहमीचे अपराधी. त्याहून जास्त वेळा आढळतं ते असं, की अंगणात भर घालत घालत बाहेरची माती आतल्या फरशीच्या वर आलेली असते. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि भिंत ते पीत राहते. पंधरा जणांच्या श्रमदानात याच्याइतकं सार्थकी लागणारं दुसरं काम नाही : भिंतीलगतची माती फरशीच्या पातळीपेक्षा निदान सहा इंच खाली उतरवा आणि उतार घरापासून दूर काढा. मात्र पाया उघडा पडेल इतकं खोल खणू नका.

आतून ओलीच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंतचं सिमेंट प्लास्टर काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि भिंत काही आठवडे तशीच उघडी ठेवा. पाण्याने धुतलंत तर क्षार पुन्हा आत जातील. सुकल्यावर चुन्याचंच प्लास्टर करा आणि वरून चुना लावा.

चुन्याचं प्रमाण असं. कळीचा चुना ५ किलो, पाणी २५ लिटर. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली हवीच. प्लास्टिकची बादली त्या उष्णतेने वितळते. चोवीस तास ठेवून जाड कापडातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला १०० ग्रॅम डिंक घाला आणि पातळ असे तीन हात द्या. जाड एक हात दिला तर त्याला तडे जातात आणि तो पिठासारखा झडतो. ओला असताना चुना अगदी फिका दिसतो, पांढरेपणा वाळल्यावर येतो. म्हणून घाईने आणखी चढवू नका.

प्रश्न : एकट्या राहणाऱ्या आजींच्या न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायचा आहे. चिकटवायचा चालेल का? (टिळक नगर)

नाही. हवेच्या चकतीवर चिकटणारे दांडे ऐन वेळी, माणसाचा तोल जातो त्याच क्षणी, सुटतात. ते असण्यापेक्षा नसलेले बरे, कारण माणूस त्यांच्यावर विसंबतो.

३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा, ३२ ते ४० मिमी जाडीचा दांडा घ्या. भिंत आणि दांडा यांत सुमारे ४० मिमी अंतर हवं. त्याहून जास्त असलं तर घसरताना हात मध्ये अडकतो. अंघोळीच्या जागी जमिनीपासून ३३ ते ३६ इंच उंची सर्वसाधारणपणे ठीक असते. कमोडजवळ मात्र टेपवर विसंबू नका. आजींना बसायला-उठायला सांगा, त्यांचा हात आपसूक जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. दांडा कुठे हवा हे त्यांनीच ठरवायचं. मापं घ्यायला मंडळातल्या एखाद्या ताई-काकूंना बरोबर न्या.

टाइलवर चिकटपट्टी लावून खूण करा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर टाइल तडकते. नळाच्या आणि गीझरच्या वर-खाली सरळ रेषेत भोक पाडू नका, आतून पाइप गेलेले असतात. भोकातली धूळ फुंकून काढा. धूळ राहिली की रावलप्लग (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायची खुंटी) फिरतो. ८ मिमीचा नायलॉनचा रावलप्लग आणि ७० ते ८० मिमी लांबीचे स्टेनलेस स्क्रू वापरा. टाइल आणि प्लास्टर मिळून इंच-सव्वा इंच जातं, त्यापुढे विटेत निदान दीड-दोन इंच पकड मिळाली पाहिजे. छोटे स्क्रू नुसत्या प्लास्टरमध्ये बसतात, आणि दांडा उपटण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण तेच. जुन्या मातीच्या भिंतीत रावलप्लग धरतच नाही. तिथे आरपार १० मिमीचा आटेदार रॉड घालून पलीकडच्या बाजूला चार बाय चार इंचाची लोखंडी पट्टी द्या. शेवटी धडधाकट माणसाने पूर्ण वजन टाकून दांडा ओढून पाहायचा. जरा जरी हलला तरी तो काढून दुसऱ्या जागी बसवा.

त्याच फेरीत दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी बदला. उंबऱ्याला उतार करायचा तर उंचीच्या बारापट लांबी धरा, सहा इंचांना सहा फूट.

प्रश्न : शाळेची गच्ची गळते. त्याच रविवारी वॉटरप्रूफिंग उरकता येईल का? (वैशाली नगर)

गच्ची एका दिवसात होत नाही. त्या रविवारी फक्त सफाई आणि तपासणी करा. आधी पाण्याच्या निकासाचं तोंड बघा, कडुलिंबाचा पाला आणि हरवलेले चेंडू तिथे सापडतात. कित्येक गच्च्या एवढ्यानेच गळायच्या थांबतात. तरीही गळत असेल तर भेगा अर्धा इंच रुंद आणि तेवढ्याच खोल, इंग्रजी व्हीच्या आकारात कोरा, धुवा आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरा. कठड्याच्या पायथ्याशी त्याच सिमेंटचा दोन-तीन इंचांचा गोल वाटा काढा, म्हणजे कोपरा गोलसर भरा. सात दिवस पाणी मारा, मेच्या उन्हात दिवसातून तीनदा. हे सगळं नीट सुकल्यावर वॉटरप्रूफिंगच्या लेपाचे दोन हात द्या. ओलीवर लेप चढवला तर फुगे येतात. पाणी साठवून चाचणी घ्यायची असेल तर आधी छताची ताकद जाणकाराला दाखवा. एक इंच पाण्याचं वजन दर चौरस मीटरला २५ किलो भरतं.

छत जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर त्याला हातच लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, घासलं किंवा भोक पाडलं की घातक धूळ उडते, आणि वर चढलेल्या माणसाच्या वजनाने पत्रा फुटतो.

प्रश्न : शाळेची १००० लिटरची टाकी धुवायला ब्लीचिंग पावडर किती लागेल? (सुदामा नगर)

टाकी रिकामी करा, गाळ काढा, नुसत्या पाण्याने आणि ब्रशने घासा. पुन्हा भरा. सुमारे ३० टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर १७० ग्रॅम बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता. क्लोरीनचा वास येईपर्यंत शाळेतला प्रत्येक नळ उघडा, मग बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी सगळं पाणी सोडून द्या आणि टाकी ताज्या पाण्याने भरा. उघड्या पाकिटातली जुनी पावडर निकामी झालेली असते. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर काढायला कोणी ॲसिड आणलं असेल तर ते त्या दिवशी ब्लीचिंगच्या जवळही नको, दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो. जमिनीखालच्या टाकीत कोणालाही उतरवू नका, ते काम साधनं असलेल्या माणसांचं आहे.

प्रश्न : बाकांच्या फळ्या दर वर्षी खिळे ठोकून बसवतो, दर वर्षी सुटतात. आणि खिडक्यांचा जुना रंग घासायला मशीन आणावं का? (रामबाग)

मुलं बाकावर सतत हलतात आणि खिळा हळूहळू वर येतो. खिळे काढा, फळी आणि लोखंडी चौकट यांतून ८ मिमीचं आरपार भोक पाडा आणि गोल डोक्याचा बोल्ट घाला. खाली रुंद वायसर आणि आतून नायलॉनचं कडं असलेला नट लावा, साधा नट ढिला होतो. बोल्टचं टोक नटाबाहेर दोन-तीन आट्यांपेक्षा जास्त राहिलं तर कापून घासा, नाहीतर गुडघे सोलवटतात. चौकटीलाच तडा असेल तर ते बाक वेल्डिंगसाठी वेगळं काढा.

खिडक्यांना मशीन लावू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार बाधते. पाणी लावून हातानेच घासा, लगदा कापडाने टिपून पिशवीत भरा, झाडू मारू नका. तो लगदा आणि थिनरची फडकी कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. प्लास्टर-विटांचा मलबा त्या गाडीत घेत नाहीत, त्यासाठी महापालिकेकडे आधीच्या आठवड्यातच नोंद करून ठेवा.

उरलेल्या रंगाच्या डब्यावर छटेचा नंबर आणि वर्गाचं नाव लिहा, झाकण घट्ट ठोका आणि डबा शाळेतच सावलीत ठेवा.