ब्रिज पिकअप घेण्याआधी

इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजजवळचा पिकअप (तारेची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग) घ्यायचा तर आधी ब्रिजवर, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे, पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर मोज. ५२-५३ मिमी भरलं तर रुंद अंतराचाच हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) घे, नाहीतर कडेच्या तारा पोल-स्क्रूंच्या (पिकअपमधल्या, प्रत्येक तारेखालच्या स्क्रूंच्या) बाहेर पडतात. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तिथला पिकअप थोडा जोरकस हवा. एकाच जातीच्या जोडीत नेकचा (दांड्याकडचा) पिकअप साडेसात किलोओम (कॉइलचा रोध, जोराचा ढोबळ अंदाज) असेल, तर ब्रिजला साडेआठ पुरे. पंधरा-सोळाच्या मागे लागू नकोस. लग्नात मांडोची (गोव्यातल्या पारंपरिक कोकणी गाण्यांची) साथ करायची तर स्वच्छ, मोकळा आवाजच लागतो. पॉट (आवाज आणि टोन फिरवायच्या बटणांखालचे भाग) ५०० किलोओमचे घे, २५० लावलेस तर वरचे सूर दबतात.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत पिकअपची उंची ठरवणारे साधे स्क्रू गंजून अडकतात, ते स्टेनलेसचे घाल. पोल-स्क्रू मात्र बदलू नकोस, ते लोखंडीच हवेत. शेवटचा फ्रेट दाबून पिकअपपर्यंत बारीक तारेखाली २ मिमी, जाड तारेखाली अडीच मिमी फट ठेव.