ट्रकच्या पुढच्या चाकांतून घूं-घूं आवाज येतो, उजवीकडे वळताना वाढतो. काय बिघडलं असेल?

बहुतेक डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, म्हणून खराब बेअरिंग तेव्हाच जास्त ओरडतं. हबची (चाकाच्या मधल्या, बेअरिंग बसवलेल्या भागाची) कामं रोज हाताखालून जातात, त्यात हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते.

खात्री करायला मागच्या चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून लावायचा ठोकळा) लावा, पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका. टायर वर-खाली, म्हणजे 12 आणि 6 वाजता धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन (चाक जिच्याभोवती वळतं ती खीळ) झिजलीय. मग चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात पाट्यावर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) ठेवा. बेअरिंग खराब असेल तर बोटांना बारीक खरखर लागते, कानाला ऐकू येण्याआधीच.

फक्त एक: टायर लाटांसारखा खालीवर झिजला असेल तरी हुबेहूब असाच आवाज येतो. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरून हात फिरवला की कळतं, आणि तो आवाज वळताना सहसा बदलत नाही. (ब्रेक मारल्यावरच लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल तर आधी ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणारं अस्तर) बघा.)

हब हाताला चटका बसेल इतका तापत असेल तर गाडी पुढे नेऊ नका.