वाचकांचे प्रश्न : बॅटरीच्या कनेक्टरला सोल्डर करताना

प्रश्न : माझ्या रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानात तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी आहे. तिचा जुना कनेक्टर काढून मी एक्सटी-६० बसवला. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नची टिप जवळजवळ मिनिटभर धरून ठेवली, तेव्हा कोठे सोल्डर वितळले. पण तोवर कनेक्टरचा पिवळा भाग मऊ होऊन पिन तिरकी झाली. दुसरा कनेक्टर घाईने लावला, तर उड्डाणानंतर तो हाताला चटका बसेल इतका तापू लागला आणि परवा ओढताना तारच सुटून हातात आली. चूक कोठे होते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोन्ही वेळा उष्णतेचाच प्रश्न आलेला दिसतो. पहिल्या वेळी ती फार सावकाश पोचली म्हणून प्लास्टिक वितळले, आणि दुसऱ्या वेळी ती पुरेशी पोचलीच नाही म्हणून तार सुटली. २५ वॉटचे आयर्न सर्किट बोर्डावरील बारीक कामासाठी चांगले असते. एक्सटी-६०ची साडेतीन मिलिमीटरची पिन आणि १२ गेजची तांब्याची तार यांना ते टेकताच त्याच्या अणकुचीदार टिपेतली उष्णता हे दोन्ही धातू शोषून घेतात, टिप थंडावते, आणि ती पुन्हा तापेपर्यंत उष्णता पिनेतून कनेक्टरच्या पिवळ्या नायलॉनमध्ये झिरपत राहते. म्हणून या कामासाठी किमान ६० वॉटचे आयर्न आणि छिन्नीच्या आकाराची रुंद, जाड टिप घ्यावी. तापमान ठरवण्याची सोय असल्यास ते ३८० ते ४०० अंश सेल्सिअस ठेवावे. हा आकडा वाचून धास्ती वाटेल, परंतु तापलेली जाड टिप चारपाच सेकंद टेकवणे हे बारीक टिप मिनिटभर धरून बसण्यापेक्षा कनेक्टरला कितीतरी सोसवते.

दारात आलेल्या कल्हईवाल्याचे काम ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले असेल, त्यांना यातले मर्म चटकन कळेल. तो कथिलाची कांडी निखाऱ्यांत धरत नसे. आधी भांडे घासून भट्टीवर तापवी, त्यावर नवसागराची पूड टाकी आणि मग कांडी त्या तापलेल्या भांड्यालाच टेकवी, म्हणजे भांड्याच्या उष्णतेने कथील वितळून कापसाच्या बोळ्यासरशी सगळीकडे पसरे. सोल्डरचेही तसेच आहे. टिप तारेच्या एका बाजूला टेकवावी आणि सोल्डर दुसऱ्या बाजूने द्यावे. तारेने स्वतःच ते वितळवून आत ओढून घेतले, तरच तांबे पुरेसे तापले असे समजावे. टिपेवर सोल्डर वितळवून त्याचा थेंब थंड तारेवर सोडला, तर तो नुसता वर बसतो. आपल्या दुसऱ्या कनेक्टरचे बहुधा हेच झाले असावे.

अशा कच्च्या जोडाची किंमत आकड्यांत पाहण्यासारखी आहे. विमान ४० अँपिअर ओढत असताना जोडाचा रोध एक मिलिओहम असेल, तर तेथे १.६ वॉट उष्णता निर्माण होते. तोच रोध पाच मिलिओहम झाला, तर ८ वॉट. नखाएवढ्या जागेत इतकी उष्णता साठल्यावर पिनेचा स्प्रिंगसारखा ताण कमी होतो, पकड सैल होते, रोध आणखी वाढतो आणि कनेक्टर अधिकच तापतो. तेव्हा चटका देणारा तो कनेक्टर पुन्हा सोल्डर करून वापरू नये, नवाच घ्यावा.

प्रत्यक्ष कामाचा क्रम सांगतो. हीट श्रिंक नळीचा (तापवल्यावर आकसून जोड झाकणाऱ्या नळीचा) तुकडा सर्वांत आधी तारेत ओवून जोडापासून दूर सरकवून ठेवावा, कारण तो राहून गेल्याचे नेहमी सोल्डर थंड झाल्यावरच लक्षात येते. तारेचे आवरण पाचसहा मिलिमीटरच सोलावे, तंतू पिळून घ्यावेत आणि तारेच्या टोकाला व पिनेच्या मागच्या पोकळ टोकाला, म्हणजे वाटीला, वेगवेगळे सोल्डर चढवावे. त्या वेळी समोरचा जोडीदार कनेक्टर आत खोचून ठेवावा. तो पिनेची बरीचशी उष्णता आपल्याकडे घेतो आणि नायलॉन मऊ झालेच तर पिनेला तिरकी होऊ देत नाही. मात्र हा जोडीदार सुटा, कोणत्याही तारेला न जोडलेला असावा. कनेक्टर धरण्यासाठी लोखंडी शेगडा (व्हाइस) घेऊ नये, कारण तो गरजेपेक्षा अधिक उष्णता पळवतो. लाकडी ठोकळ्यात खाच पाडून घेतली की काम भागते. मग वाटीतले सोल्डर वितळवून त्यात तार बुडवावी, टिप काढून घ्यावी आणि सोल्डर गोठेपर्यंत हात अजिबात हलू देऊ नये.

सोल्डर ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेले घ्यावे. ते १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम गोठते, त्यामुळे गोठताना जोड हलण्याचा धोका कमी राहतो. शिसेविरहित सोल्डरला साधारण २२० अंश लागतात आणि नवशिक्याला ते जड जाते. फ्लक्स, म्हणजे धातू स्वच्छ करून सोल्डर पसरू देणारा पदार्थ, राळेचा असावा. नवसागर किंवा झिंक क्लोराइड असलेली पेस्ट तांब्याला पुढे गंज आणते. सोल्डर आवरणाखाली फार आतपर्यंत चढू देऊ नये, कारण तेथे तार ताठ होते आणि विमानाच्या कंपनांनी नेमकी तेथेच तुटते.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा त्याच्या रेडिओ कारच्या बॅटरीचा कनेक्टर स्वतः बदलू इच्छितो. यात धोका किती आहे? शिशाच्या धुराचीही काळजी वाटते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण शेजारी बसणार असाल, तर अवश्य करू द्यावे. परंतु पहिले दोनतीन जोड त्याने सुट्या तारेवर आणि सुट्या कनेक्टरवर करावेत, बॅटरीवर नव्हे. बॅटरीला बंद करण्याचे बटण नसते, हे त्याच्या मनावर बिंबवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. तीन सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट देते. या दाबाने हाताला धक्का बसत नाही, पण लाल आणि काळी तार एकमेकींना टेकली, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहून धातू उडतो आणि आगही लागू शकते. म्हणून दोन्ही तारा एकाच वेळी कापू नयेत. एक कापावी, सोल्डर करावी, नळीने झाकावी, आणि त्यानंतरच दुसरीला हात लावावा. हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे. बॅटरी पूर्ण भरलेली नसावी. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास असावा. फुगलेल्या बॅटरीवर मात्र हे काम करूच नये.

पिना आत दडलेला मादी कनेक्टर बॅटरीला आणि नर कनेक्टर गाडीकडच्या तारांना लावावा, म्हणजे बॅटरीचे जिवंत टोक उघडे राहत नाही. एक्सटी-६०वर अधिक आणि उणे चिन्हे कोरलेली असतात. छाटलेल्या कोपऱ्यांची बाजू उणे असते. गाडीला जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने एकदा खात्री करावी, कारण उलट जोडणी झाल्यास स्पीड कंट्रोलर (मोटारीचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) क्षणात निकामी होतो.

धुराविषयी सांगायचे, तर तो शिशाचा नसून राळेचा असतो, कारण सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. तरीही राळेच्या धुराने श्वसनमार्गाला त्रास होतो आणि दमाही होऊ शकतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवावी आणि चेहरा धुरावर वाकवू नये. शिसे पोटात जाते ते बोटांवाटे. म्हणून काम करताना काही खाऊ नये आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. डोळ्यांवर चश्मा हवाच.

प्रश्न : सहा सेलची बॅटरी जोडताना मोठी ठिणगी पडते. सोल्डरिंगमध्ये दोष आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. स्पीड कंट्रोलरमधील रिकामे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) एकदम भरतात, म्हणून ती पडते. सहा सेलच्या २५.२ व्होल्टला ती पिनेचे टोक हळूहळू खाऊन टाकते. त्यासाठी आत रोधक बसवलेला एक्सटी-९०-एस हा कनेक्टर मिळतो. त्याच्या पिना साडेचार मिलिमीटरच्या असल्याने वर सांगितल्याहूनही दमदार आयर्न लागेल. १०० वॉटचे मिळाल्यास उत्तम.