भोपळ्याच्या वेलाला फुलं ढीगभर येतात पण बारकी फळं पिवळी पडून गळतात, कुठलं खत घालू? शेजारी कुंडीत कोथिंबीर-पुदिना पण लावायचाय.

खताचं डोक्यातून काढा. युरिया तर अजिबात नको, त्यानं वेल नुसता माजतो, पानं ताटाएवढी आणि फळाच्या नावानं बोंब.

आमच्या सासरी कराडकडं मागं परड्यात तांबड्या भोपळ्याचा वेल आहे, गोठ्याच्या पत्र्यावर चढवलेला. मोठे भाऊजी खत-औषधाच्या दुकानात बसतात त्यामुळे शेतीचं काही निघालं की घरात त्यांचाच शब्द चालतो. त्यांचं म्हणणं, लांब देठाची फुलं वांझ, उगाच वेलाचा जोर खातात. रोज सकाळी सगळी खुडायचे आणि भज्यांसाठी माझ्यापुढं आणून ठेवायचे. भजी झकास होतात, त्यात वाद नाही, पण अहो ती नर फुलं! मादी फुलाच्या बुडाशी सुपारीएवढं फळ आधीच असतं, त्याला पराग मिळाला नाही की ते गळणारच. मी जेवताना हे बोलले तर म्हणाले, "तू शाळेत शिकव, शेतीचं आम्ही बघतो."

मग मी ते उठायच्या आत परड्यात जायला लागले. ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, मधला दांडा मादी फुलात हलक्या हातानं फिरवायचा, पिवळी पूड आत चिकटलेली दिसली पाहिजे. एका नरात दोन-तीन माद्यांचं काम होतं. हे सकाळी सहा ते आठच्या आत, ऊन चढलं की फुलं मिटतात. केलेल्या प्रत्येक फुलाच्या देठाला मी लाल दोरा बांधत गेले. दोऱ्याची बहुतेक धरली, बाकीची गळाली. भाऊजींनी गावभर सांगितलं, युरियाची कमाल! अजून तेच सांगतात. तुमच्या घरात असं कोणी असेल तर दोरे सगळ्यांदेखत बांधा.

कोथिंबिरीला डब्यातले धने चालतात, रगडून दोन फाकी करून पेरा, उन्हाळ्यात लगेच फुलावर येते तेव्हा दुपारची सावली द्या. पुदिन्याची जाड काडी पाण्यात ठेवली की मुळं फुटतात, पण त्याला कुंडी वेगळीच द्या, दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही तो.

हां, एक राहिलं. वेल नवा असेल तर सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका. आणि गळलेलं फळ कापून बघा, आत अळी निघाली तर ती फळमाशी, मग माझा वरचा सगळा खटाटोप फुकट, किडकी फळं पिशवीत बांधून टाका, नवीन धरलेल्यांना कागद गुंडाळा. औषध मारायचंच झालं तर संध्याकाळी, सकाळी मारलंत तर मधमाश्या मरतील आणि फुलाफुलाला तुम्हालाच फिरावं लागेल. दुकानात हे कोणी सांगत नाही, आमच्या तर नाहीच.